तिसरा चमचा

जीभ हा माझा धंदा आहे. हसायचं असेल तर हसा, माझी सासू अकरा वर्षं हसतेय. "गिळायला शिकवायचा पगार मिळतो होय?" म्हणते. मिळतो. आमच्या बेलें शहरातल्या इस्पितळात अर्धांगाचा झटका येऊन गेलेली माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांना कळतं गिळणं काय चीज आहे ते. घास तोंडात आला की जिभेचं टोक वर जाऊन टाळूला टेकतं, मग जीभ पुढून मागे दाबत जाते आणि घासाला घशात लोटते. तेवढ्यात श्वासनलिकेवर झाकण पडतं. सगळा मामला एका सेकंदाचा. जीभ सुस्तावली की घास भलत्या वाटेने फुफ्फुसात उतरतो आणि न्यूमोनिया होतो.

दोना इझोलिनाची, म्हणजे इझोलिनाबाईंची, जीभ नुसती सुस्तावली नव्हती, संपावर गेली होती. बाईचं वय अडुसष्ट. चाळीस वर्षं ती चर्चच्या बाजूला आंब्याखाली हातगाडीवर तकाका नावाचं कढण विकत होती. मानियोकच्या, म्हणजे साबुदाण्याच्या, कंदाचा पिवळा रस तासन्‌तास उकळायचा, ते झालं तुकुपी, आंबटढाण. त्यात चिकट खळ, सुकी कोळंबी, जांबू नावाच्या रानभाजीचा पाला. दुपारी चार वाजता उन्हाने माणूस शिजलेला असतो आणि आम्ही तुंब्याच्या वाडग्यातून हे कढत कढत पितो. इझोलिना वाडगा हातात देऊन समोरच उभी राहायची, पिणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. पहिल्या घोटाला डोळे बारीक झाले नाहीत तर म्हणायची, "काय रे, जीभ घरी विसरून आलास?"

तिची एकुलती एक लेक लुसिदेया, वय एक्केचाळीस. बावीस वर्षं आईच्या शेजारी उभी राहिली, पण वाडगे धुतले, कोळंबी सोलली, पाला निवडला, बस्स. तुकुपी उकळायचं काम आईचं. लुसिदेयाने तीनदा हट्टाने स्वतः उकळलं. तिन्ही वेळा इझोलिनाने एक पळी तोंडात घातली आणि अख्खं पातेलं गिऱ्हाइकांदेखत गटारात उलटं केलं. चौथ्यांदा ती पोरगी वाटेला गेली नाही. आई आजारी पडल्यापासून बाजारातलं तयार तुकुपी आणून गाडी चालवत होती.

इझोलिनाचं उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोकं मात्र शाबूत होतं. डाव्या हाताच्या बोटाने पाटीवरची अक्षरं दाखवून बोलायची, आणि पाटीवरसुद्धा तिचं तोंड तिखटच. नाकातून नळी, त्यातून जेवण, असे सात आठवडे गेले. मग आमचे डॉ. हेनिंग म्हणाले, नाकातली नळी आता पुरे, पुढच्या गुरुवारी पोटाला भोक पाडून तिथून नळी घालू. डॉक्टर माणूस सज्जन, पण देशाच्या पार दक्षिणेकडचा, थंड हवेतला. दोन वर्षं झाली इथे येऊन, अजून डब्यात उकडलेले बटाटे आणतो.

डॉक्टर बाहेर गेले आणि इझोलिनाने पाटी मागितली. बोटाने एकेक अक्षर दाखवत म्हणाली, "पोटाला भोक नको. तोंडाने खाईन, नाहीतर मरेन."

"मरणं सोपं आहे हो," मी म्हटलं. "गिळा आधी."

मी गोड बोलणारी नाही, हे सगळं इस्पितळ जाणतं. पण बाईला माझं असंच बोलणं चालायचं. आम्ही दोघी एकमेकींना पुरून उरत होतो.

गिळायचं कसं? आमच्याकडे शिकवायला ठरलेलं असतं ते म्हणजे घट्ट केलेलं गोड पाणी. तिच्या जिभेवर अर्धा चमचा ठेवला की तो तसाच राही. जीभ खाली, गोळा वर, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघतोय. मी घड्याळ लावून बसायची. नऊ सेकंद, दहा सेकंद, मग कुठे जिभेच्या कडेला जराशी थरथर. इतक्या वेळात तर ते पाणी आपोआप ओघळून घशात जातं, झाकण पडायच्या आतच. मी तिला रागावले, तिने माझ्यावर डोळे वटारले. फरक शून्य.

मग एका दुपारी लुसिदेया गाडीवरून तडक आली, हातही न धुता. आईच्या ओठाला लाळ लागली होती, ती तिने अंगठ्याने पुसली. अंगठ्याला तुकुपी. आणि सात आठवडे मढ्यासारखी पडलेली ती जीभ सपकन बाहेर आली, ओठ चाटून आत गेली, टाळूला चिकटली, आणि गळ्यावरचं हाड टुणकन वर उडून खाली आलं.

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. माझ्या हातातली वही खाली पडली. लुसिदेया घाबरली, म्हणाली, "चुकलं का बाई? हात धुवायचा राहिला."

"गप्प," मी म्हटलं. "परत लाव."

तिने परत लावलं, जीभ परत उठली. दुसऱ्या दिवशी मी कापसाच्या बोळ्यावर तुकुपीचे थेंब घेऊन मोजलं. गोड पाण्याला नऊ सेकंद, तुकुपीला दीड. आंबटाने जीभ जागी होते हे आम्ही पुस्तकात वाचलेलं असतं, दिवसभर लिंबू फिरवतो आम्ही पेशंटच्या ओठांवरून. पण हिची जीभ लिंबालासुद्धा जेमतेम हलली होती. तुकुपी लागलं की जिभेचं टोक असं काही वर जायचं की टाळूला चिकटवलेली दाब मोजायची पट्टी जो दाब दाखवायची तो माझ्या नवऱ्याच्या जिभेएवढा. हो, मी घरी नवऱ्याची जीभ मोजून बघितली. तो बिचारा काय बोलणार, तोंडात पट्टी होती.

दरवेळी गिळून झालं की इझोलिना मात्र तोंड वाकडं करायची. पाटीवर बोट जायचं: "बाजारचं. पाणचट." लुसिदेया खाली मान घालायची. मला राग यायचा. मी म्हणायची, "अहो, मरताय की जगताय, आणि नखरे कसले?"

आकडे घेऊन मी हेनिंगकडे गेले. त्यांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "एलिएते, थेंब गिळणं वेगळं, जेवण गिळणं वेगळं. पण ठीक आहे. बुधवारी दहा वाजता एक्स-रेखाली बघू. तीन चमचे स्वच्छ गेले तर गुरुवारची नळी रद्द. एक जरी चुकीच्या वाटेने गेला तर मी ऐकणार नाही."

मी लुसिदेयाला सांगितलं, "नुसतं तुकुपी आण. कोळंबी नको, खळ नको, पाला नको. गाळून. नुसतं." तिने तीनदा मान हलवली.

बुधवारी सकाळी ती झाकणाचं भांडं घेऊन आली. डोळे लाल. पहाटेपासून चुलीपुढे होती. "बाजारचं नाही आणलं," म्हणाली. "आज मी उकळलं. आईची परीक्षा आहे, म्हटलं पाणचट कशाला." मी झाकण काढलं आणि माझा नेहमीचा नियम पाळला. पेशंटच्या तोंडात जे जाणार ते आधी माझ्या तोंडात. दोन चमचे प्यायले. आंबट, खमंग, कानापर्यंत पोचणारं. आपलं तुकुपी. मी म्हटलं, "पोरी, हात लागलाय तुझा." ती लाजली.

एक्स-रेच्या खोलीत इझोलिनाला खुर्चीत बसवून पट्टा बांधला. मी तिच्या कानाशी वाकले. "नीट ऐका. आज घोटाळा झाला तर उद्या पोटाला भोक. दमलात, जीभ ऐकत नाहीये असं वाटलं, तर तोंड मिटा. मी तिथेच थांबवेन, पुढच्या आठवड्यात परत मागून घेईन. कळलं?" तिने डोळे मिटून उघडले. हो म्हणायची तिची खूण.

एक्स-रेत दिसावी म्हणून घालतात ती पांढरी पावडर मी तुकुपीत कालवली. पडद्यावर ते काळं दिसतं. पहिला चमचा. जिभेचं टोक वर, पाठ कमानीसारखी उचलली, काळा गोळा मागे लोटला गेला, झाकण पडलं, सगळं खाली साफ. हेनिंग पुढे वाकले. "परत दाखवा," मशीनवाल्याला म्हणाले. परत बघितलं. दुसरा चमचा. तोही गेला. हेनिंगनी पेन खिशात घातलं आणि माझ्याकडे बघून चक्क हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

दुसरा गिळून झाल्यावर इझोलिना थोडी थांबली. डोळे मिटले. ओठ एकमेकांवर घासले, गालातल्या गालात काहीतरी घोळवलं. मला वाटलं, दमली. विचारलं, "थांबू या?" तिने डोळे उघडले, माझ्याकडे नाही, काचेपलीकडे उभ्या लुसिदेयाकडे बघितलं, आणि आपणहून तोंड उघडलं. एवढं मोठं तोंड तिने झटक्यानंतर कधी उघडलं नव्हतं.

मी तिसरा चमचा घातला.

जीभ हललीच नाही. पडद्यावर ती नुसती पडून होती, काळं पाणी तिच्यावरून घरंगळलं, मागे गेलं, झाकण उघडंच, आणि सरळ श्वासनलिकेत. काळी रेघ खाली खाली जाताना मी बघत होते. आणि तिला ठसकासुद्धा लागला नाही. ठसका लागला असता तर निदान काही बाहेर आलं असतं. ती शांत बसली होती, डोळे मिटून.

"थांबवा," हेनिंग म्हणाले.

दोन चमचे असे आणि तिसरा असा? अकरा वर्षांत मी असं बघितलं नव्हतं. जिभा हळूहळू थकतात, अशा एका क्षणात मरत नाहीत. आम्ही तिला पालथं धरून पाठीवर थापटलं, नळीने जेवढं निघालं तेवढं ओढून घेतलं, आणि वॉर्डात नेलं. दारात लुसिदेयाने माझा हात धरला. "पास झाली ना आई?" मी म्हटलं, "नंतर बोलू," आणि हात सोडवून घेतला.

खोलीत परत आले तर हेनिंग भांड्याजवळ उभे. उरलेलं तुकुपी त्यांनी कॉफीच्या कपात घेतलं होतं. म्हणाले, "बघू तरी म्हटलं, काय आहे एवढं." अर्धा कप संपला होता. मी फाइल लिहायला बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांना दिसू नये म्हणून खाली बघत होते.

"एलिएते," ते थोड्या वेळाने म्हणाले. आवाज विचित्र. "माझे ओठ कुठे गेले?"

मी वर बघितलं. त्यांची हनुवटी लाळेने ओली होती आणि ते बोटांनी स्वतःची जीभ चिमटीत धरून बघत होते. "लागतच नाहीये. मुंग्या, आणि आता काहीच नाही. मला ॲलर्जी झालीये. नर्सला बोलवा. चेहरा वाकडा दिसतोय का?"

मला हसू फुटलं. भर रडण्यात. म्हटलं, "डॉक्टर, काही नाही झालं तुम्हाला. जांबू आहे तो. जीभ बधिर होतेच, अर्ध्या तासात येईल जाग्यावर. आमच्याकडे लहान पोरंसुद्धा..."

आणि माझं हसू तिथल्या तिथे थिजलं.

मी धावत बाहेर गेले. लुसिदेया बाकावर बसली होती. "भांड्यात काय घातलंस?"

"नुसतं तुकुपी, तुम्ही सांगितलं तसं. लसूण, मीठ, रानकोथिंबीर."

"जांबू?"

"पाला नाही हो घातला. पाल्याला तुम्ही नाही म्हणाला होतात. फुलं तेवढी कुस्करून उकळली, आणि गाळून काढली. आईला फुलांचं आवडतं." ती माझ्याकडे बघत राहिली. "फुलांशिवाय तुकुपीला काय अर्थ?"

फुलं. पाल्यापेक्षा चौपट जहाल. आणि मी ते दोन चमचे प्यायले होते. माझी जीभ झिणझिणली होती, ओठ बधिरले होते, आणि मला काहीही वेगळं वाटलं नाही, कारण चार वर्षांची असल्यापासून तुकुपी प्यायलं की माझे ओठ असेच होतात. बटाटे खाणाऱ्या परक्या माणसाला जे अर्ध्या कपात कळलं ते मला, जिभेचा पगार घेणाऱ्या बाईला, कळलं नाही. ज्या जिभेची परीक्षा होती ती जीभ मी स्वतःच्या हाताने, चमच्या-चमच्याने, बधिर केली होती. मी भिंतीला टेकून खाली बसले.

"बाई, काय झालं?" लुसिदेया विचारत होती.

"काही नाही. ऊन लागलं," मी म्हटलं. अशी मी शूर.

हेनिंगना मात्र सगळं सांगितलं. त्यांचे ओठ अजून पूर्ण जागे झाले नव्हते, त्यांनी ते रुमालाने पुसले. मग म्हणाले, "हे फाइलमध्ये लिहाल?" मी म्हटलं, "लिहीन." लिहिलं. गुरुवारची नळी त्यांनी पुढे ढकलली, ताप येतो का बघू म्हणाले. नाही आला तर साध्या तुकुपीवर परत परीक्षा.

शुक्रवारी सकाळी तिचं अंग तव्यासारखं तापलं. श्वास घरघरायला लागला. पाच दिवस ती मरणाच्या काठावर होती, मी रोज कामावर जायच्या आधी आणि घरी जायच्या आधी जाऊन बघून यायची आणि लुसिदेयाच्या नजरेला नजर द्यायची नाही. सहाव्या दिवशी ताप उतरला. सातव्या दिवशी पोटाला भोक पाडून नळी घातली. तिच्या अंगात काही उरलंच नव्हतं, नाकातल्या नळीवर आणखी ठेवणं शक्य नव्हतं. हेनिंग म्हणाले, "पहिले दोन चमचे मी पण बघितलेत. सहा आठवड्यांनी परत परीक्षा घेऊ. पण तेव्हा चव मी घेणार." माझी थट्टा करत होते की मला धीर देत होते, कोण जाणे. मला दोन्ही झेपत नव्हतं.

आठव्या दिवशी मी गेले. लुसिदेया आईच्या पायाशी बसून तिचे पाय चोळत होती. पोटावर पट्टी, त्यातून नळी. इझोलिना निम्मी झाली होती, पण डोळे तेच.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसले असते तर बोलता आलं नसतं. "दोना इझोलिना, तुमची जीभ नापास झाली नाही. तुकुपीत जांबूची फुलं होती. मी चव घेतली आणि मला कळलं नाही. ही नळी माझ्यामुळे आहे. लुसिदेयाचा काही दोष नाही, मी तिला नीट सांगायला हवं होतं."

लुसिदेयाचे हात थांबले. "फुलं," ती म्हणाली. मग तिला कळलं. तिचा चेहरा मी विसरणार नाही. "म्हणजे मी. मीच. मी पहाटे उठून माझ्या आईला..." ती पलंगाच्या कठड्यावर डोकं आपटायला लागली. मी तिला धरलं. तिने मला ढकललं.

इझोलिनाने डाव्या हाताने कठड्यावर थाप मारली. एकदा, दोनदा. पाटी मागत होती. मी पाटी धरली. मनात म्हटलं, शिव्या घाल बाई, मोकळी हो, मी ऐकून घेते.

तिचं बोट अक्षरांवरून फिरायला लागलं. मी एकेक अक्षर जोडून मोठ्याने वाचत गेले. "मला. कळलं. होतं."

"काय कळलं होतं?"

"फुलं. पहिल्याच. चमच्याला."

अर्थात तिला कळलं असणार. चाळीस वर्षं तिने तेच केलं होतं, माझ्यासारखी फुकटची पिणारी नव्हती ती. दुसऱ्या चमच्यानंतर तिची जीभ बधिरत चाललीय हे तिच्याइतकं कुणाला कळणार होतं. मी तिला सांगितलं होतं तोंड मिटा म्हणून. सांगितलं होतं पोटाला भोक पडेल म्हणून. आणि तिने आ वासला होता.

माझा आवाज चढला. आजारी बाईवर मी ओरडले, खोटं कशाला बोलू. "मग तोंड का नाही मिटलंत? नुसतं तोंड मिटायचं होतं हो. मेला असतात तुम्ही. तिसरा चमचा कशाला मागितलात?"

लुसिदेयाने डोकं वर केलं होतं. इझोलिनाने तिच्याकडे बघितलं, मग पाटीकडे. मग बोट हललं, आणि मी वाचत गेले, अर्थ लागायच्या आधीच शब्द तोंडातून बाहेर पडत होते.

"पोरीचं. पहिल्यांदा. माझ्यासारखं. झालं होतं."

बाहेर कुणीतरी जेवणाची ढकलगाडी नेत होतं, तिची चाकं वाजत गेली.

लुसिदेया पलंगाला धरून उठली. तिला अक्षरं येत नव्हती असं नाही, पण तिने पाटीकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "परत वाचा बाई," म्हणाली. मी परत वाचलं. ती म्हणाली, "अजून एकदा." तिसऱ्यांदा वाचायला तोंड उघडलं, तर माझ्याच घशातून आवंढा खाली उतरेना.